परमिट सासऱ्यांचं, फुंकर जावयाची : बडोद्यातलं एक ‘पीधेला’ (दारू प्यायलेल्याचं) प्रकरण

प्रसंग रचलेला आहे, माणसं कल्पित आहेत. कलमं, आकडे आणि निवाडे मात्र खरे. कनिष्ठ वकिलांपुढं मांडायला मला हेच प्रकरण सोयीचं वाटतं, कारण दारू पिऊन गाडी चालवल्याचा खटला पुण्यात किंवा इंदुरात जसा चालतो तसा बडोद्यात चालत नाही. गुजरातेत दारूबंदी आहे, म्हणून इथं एका फुंकरीतून मोटार वाहन कायदा आणि दारूबंदी कायदा असे दोन कायदे जागे होतात आणि दोघांची मापं वेगळी आहेत.

अशील ४६ वर्षांचे, मकरपुऱ्याच्या जीआयडीसीतल्या एका कारखान्यात मेन्टेनन्स मॅनेजर. घर निझामपुऱ्यात, सासुरवाडी दांडिया बाजारात. शनिवारी रात्री सासऱ्यांकडं जेवण होतं. सासरे, म्हणजे नाना, ७२ वर्षांचे. त्यांच्याकडं डॉक्टरी कारणावरून मिळालेलं हेल्थ परमिट. बाटली रीतसर परवान्याच्या दुकानातून आणलेली. जावई आले म्हणून दोन ग्लास निघाले, मग आणखी दोन. बायको त्या रात्री माहेरीच राहिली आणि हे एकटेच गाडी घेऊन निघाले. काळा घोडा सर्कलपाशी गाडी दुभाजकाला घासली. कुणी पाहिलं नाही. फतेगंजच्या पुढं नाकाबंदी होती, तिथं ११.४० ला गाडी बाजूला घ्यायला लावली.

“साहेब, फूंक मारो.”

११.४५ ला यंत्रावर आकडा आला ७१. म्हणजे १०० मिलिलिटर रक्तामागं ७१ मिलिग्रॅम अल्कोहोल. चिठ्ठी छापून निघाली, तिच्यावर वेळ होती. अशील म्हणाले, “परमिट छे ने घरमां, साहेब.” ११.५५ ला अटक. गाडीत बाटली सापडली नाही, हे नशीब. सापडली असती तर ताबा आणि वाहतूक हे वेगळे गुन्हे लागले असते, आणि गुजरात दारूबंदी कायद्याच्या कलम ९८ खाली गाडीच सरकारजमा होण्याची टांगती तलवार राहिली असती. रात्री १.२५ ला सयाजी रुग्णालयात रक्त काढलं. पहाटे ठाण्यातूनच जामीन झाला.

सकाळी घरची मंडळी माझ्याकडं आली तेव्हा प्रत्येकाजवळ एकेक सल्ला तयार होता. नाना म्हणत, “माझं परमिट दाखवा, सुटेल.” पुण्याचे साडू फोनवरून सांगत, “कोर्टात जा, कबूल कर, दहा हजार भर आणि मोकळा हो. इकडं सगळे तेच करतात.” शेजारचे कुणी म्हणाले, लोकअदालतीत निपटून जाईल. तिन्ही सल्ले चूक, पण तिघांच्या चुका तीन जातीच्या आहेत.

लोकअदालतीचं आधी उरकतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम २०० मध्ये तडजोडीनं मिटवता येणाऱ्या गुन्ह्यांची यादी आहे; तीत दारू पिऊन गाडी चालवण्याचं कलम १८५ नाही. हेल्मेट, सीटबेल्ट यांचा दंड जागेवर भरता येतो. सप्टेंबर २०१९ मध्ये गुजरात सरकारनं हेल्मेटचा दंड हजारावरून पाचशेवर आणला, तो याच यादीच्या जोरावर. तेव्हापासून बऱ्याच लोकांची समजूत आहे की आपल्याकडं सगळेच दंड निम्मे झाले. १८५ चा दंड राज्य सरकार कमी करू शकत नाही. न्यायाधीशापुढं उभं राहावंच लागतं.

आता परमिट. परमिट माणसाचं असतं, घराचं नसतं. नानांच्या परमिटानं जावयाला प्यायचा अधिकार मिळत नाही. उलट आपल्या वाट्याची दारू परमिट नसलेल्याला पाजणं हा परमिटाच्या अटींचाच भंग. म्हणजे जावयाला वाचवायला नाना कोर्टात परमिट घेऊन आले असते तर एका आरोपीचे दोन झाले असते. शिवाय परमिट खुद्द जावयाचं असतं तरी ते दारूबंदी कायद्यापुरतं कामाचं होतं. मोटार वाहन कायदा परमिट ओळखत नाही. तोच प्रश्न दमणहून परतणाऱ्यांचा: तिथं पिणं कायदेशीर, पण १८५ चं माप दमणमध्ये जे तेच वापीत. २०२३ च्या डिसेंबरात गांधीनगरच्या गिफ्ट सिटीत दारू पिण्याची सवलत आली, तिथून गाडी हाकत निघणाऱ्यालाही हेच लागू.

बायकोनं हळूच विचारलं, “ह्यांनी पोलिसांना सांगितलंय ना, बाबांकडं प्यायलो म्हणून?” सांगितलं होतं. पण पोलीस अधिकाऱ्यापुढं दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही. पूर्वी पुरावा कायद्याचं कलम २५, आता भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम २३. त्यामुळं नानांचं नाव खटल्यात यायचं असेल तर ते फक्त आमच्याच तोंडून येणार होतं. आम्ही ठरवलं, येऊ द्यायचं नाही. कुठं प्यायलात, कोणाबरोबर, किती, यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर देण्याची आरोपीवर सक्ती नाही. रस्त्यावर उभं असताना हे कुणाला आठवत नाही.

उरला पुण्याच्या साडूंचा सल्ला. मला सगळ्यात धोक्याचा हाच वाटतो, कारण तो बाहेर बहुतेक ठिकाणी चालून जातो. १८५ चं गणित सरळ आहे. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल असलं की गुन्हा. पहिल्यांदा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दहा हजार दंड, किंवा दोन्ही. २०१९ आधी ‘दोन हजारांपर्यंत’ होतं, म्हणून न्यायाधीशाच्या हाताशी सूट होती. आता कलमात ‘पर्यंत’ हा शब्दच नाही. बहुतेक पहिल्या गुन्ह्यांत दंडावर भागतं. तेव्हा पुण्यात किंवा इंदुरात पगारदार माणसानं कबूल करून पैसे भरले, तर वकील त्याला फारसं अडवणार नाही.

बडोद्यात मात्र त्याच एफआयआरमध्ये दुसरं कलम बसलेलं असतं: दारूबंदी कायद्याचं ६६(१)(ब), म्हणजे दारूचं सेवन. हा मुळात १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा. १९६० ला राज्य वेगळं झालं तेव्हा गुजरातकडं आला आणि २०११ मध्ये त्याचं नाव बदललं. १८५ कबूल करणं म्हणजे ‘माझ्या रक्तात अल्कोहोल होतं’ हे स्वतःच्या तोंडानं कोर्टाच्या दप्तरात लिहून देणं. मग ६६ च्या आरोपाला उत्तर काय देणार? दहा हजारांत मोकळं होण्याऐवजी, जो खटला सरकारला पुराव्यानं जिंकावा लागला असता तो आपण फुकट देऊन बसतो. एकाच कृत्याला दोन शिक्षा कशा, असंही अशील विचारतात. गाडी चालवणं हा एक गुन्हा, पिणं हा दुसरा. घटक वेगळे म्हणून दोन्ही चालतात.

या प्रकरणाचा जीव ६६ च्या पोटकलम २ मध्ये आहे. तिथं माप आहे ०.०५ टक्के, म्हणजे १०० मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम. रक्तात तेवढं किंवा जास्त सिद्ध झालं की ओझं उलटतं: आपण घेतलं ते औषध होतं, किंवा कायद्यानं मोकळीक दिलेला दुसरा पदार्थ होता, हे आरोपीनं सिद्ध करायचं. ५० च्या खाली हे गृहीतक उभंच राहत नाही; सगळं सरकार पक्षानं शाबीत करायचं. तेव्हा ३० ते ५० हा पट्टा गमतीचा आहे. या पट्ट्यात माणूस मोटार वाहन कायद्याखाली पुरता अडकतो आणि दारूबंदी कायद्याखाली झगडू शकतो.

प्रयोगशाळेचा अहवाल आला: ०.०४४ टक्के. म्हणजे ४४.

रस्त्यावर ७१ आणि रक्ताच्या कुपीत ४४, यात कुणी काही गडबड केली असं नाही. शरीर १०० मिलिलिटर रक्तामागं ताशी साधारण १५ मिलिग्रॅमच्या गतीनं अल्कोहोल जाळतं. माणसामाणसात १० ते २० असा फरक पडतो. ११.४५ ते १.२५ म्हणजे एक तास चाळीस मिनिटं. पंधरानं गुणलं की पंचवीस. ७१ मधून २५ गेले की ४६. आकडे एकमेकांना धरून आहेत. खरं सांगायचं तर ते इतके जुळत होते की यंत्र बिघडलेलं होतं असा बचाव घ्यायला मी धजावलो नाही. कनिष्ठांचा पहिला हात तिथंच जातो: यंत्राचं कॅलिब्रेशन मागा, सर्टिफिकेट मागा. मागावंच. पण यंत्र खोटं म्हणायचं आणि रक्ताचा अहवाल खरा म्हणायचा, हे दोन्ही एका दमात न्यायाधीशाला पटत नाही, कारण आपला सगळा डाव त्या ४४ वर उभा आहे.

वेळेचा हिशेब १८५ च्या बाजूनंही महत्त्वाचा. कलम २०२ पोलिसांना वॉरंटशिवाय अटकेचा अधिकार देतं, पण त्याला शेपूट आहे: अटकेपासून दोन तासांत नोंदणीकृत डॉक्टरकडून तपासणी झाली पाहिजे, नाहीतर सोडून द्यायचं. अटक ११.५५ ची, मुदत १.५५ ची, रक्त १.२५ ला. अर्धा तास राखून. आमच्या हाती काही लागलं नाही.

रक्त काढण्याची पद्धतही तपासली. १९५९ चे वैद्यकीय तपासणी आणि रक्तचाचणीचे नियम आजही गुजरातेत चालतात आणि ते इतके बारीक आहेत की वाचताना डॉक्टरच्या खांद्यावरून पाहतोय असं वाटतं. त्वचा निर्जंतुक पाण्यानं पुसायची, स्पिरिटनं नाही. काढण्याच्या कुठल्याही टप्प्यावर अल्कोहोलचा स्पर्श नको. शिरेतलं किमान ५ सीसी रक्त. कुपीत गोठू न देणारं आणि टिकवणारं द्रव्य हवं. टिकवायचं द्रव्य नसेल तर नमुना आंबून त्यातच अल्कोहोल तयार होऊ शकतं. मग कुपी जोरानं हलवायची, लेबल, लाख, आणि लाखेवर डॉक्टरच्या मोनोग्रामचा ठसा. सात दिवसांच्या आत नमुना प्रयोगशाळेत पोचला पाहिजे. दवाखान्यात सुई टोचण्याआधी स्पिरिटचा बोळा फिरवायची हाताला सवय असते, आणि या एका बोळ्यापायी बचावाला वाव मिळू शकतो. म्हणून मी प्रमाणपत्र भिंगातून वाचावं तसं वाचलं. डॉक्टरांनी ‘निर्जंतुक पाण्याचा बोळा’ असं स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं. लाखेच्या ठशाचं वर्णन प्रयोगशाळेच्या पावतीशी अक्षरशः जुळत होतं. डॉक्टरांनी आणि पोलिसांनी काम चोख केलं होतं. अशा वेळी कागदात भोक शोधत बसण्यापेक्षा कागद जे म्हणतो तेच आपल्या बाजूनं वळवणं शहाणपणाचं.

रक्त द्यायला नकार दिला असता तर? हा प्रश्न हमखास येतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम २०५ प्रमाणं सबळ कारणाशिवायचा नकार सरकारी पुराव्याला बळ देणारा धरता येतो, आणि दारूबंदी कायद्याचं रक्तचाचणीचं कलम १२९ अ विरोध झाल्यास वाजवी बळ वापरायला मुभा देतं. नकारानं काही साधत नाही. या प्रकरणात तर रक्तानंच अशिलांना निम्मं वाचवलं.

दिवाळीपुऱ्याच्या कोर्टात आम्ही दोन्ही आरोप नाकारले. सरकारी वकिलांचा युक्तिवाद चांगला होता. रक्त ४४ असलं तरी गाडी थांबवली तेव्हा ते ५० च्या वरच होतं. ७१ ची चिठ्ठी आहे, मागं मोजा. शिवाय उखा कोल्हे विरुद्ध महाराष्ट्र राज्य, १९६३: सर्वोच्च न्यायालयानं म्हटलंय की १२९ अ ची चाचणी हाच सेवन सिद्ध करण्याचा एकमेव मार्ग नाही. आमचं उत्तर असं: मार्ग दुसरे आहेत हे मान्य, पण ६६(२) चं गृहीतक रक्तातल्या सिद्ध प्रमाणावर उभं राहतं, आणि सिद्ध प्रमाण अहवालात ४४ आहे. मागं मोजायचं तर तज्ज्ञ साक्षीला आणा. पोलीस हवालदारानं गुणाकार करून चालणार नाही. गृहीतक गेल्यावर राहतात ती लक्षणं: तोंडाला वास, बोलणं जड, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या. त्यावर बच्चूभाई हसनअली करियानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य, १९७१: रक्त किंवा लघवीची चाचणी नसताना वास, झोकांडी, अडखळतं बोलणं आणि विस्फारलेल्या बाहुल्या एवढ्यावर सेवनाचा गुन्हा शाबीत होत नाही. इथं रक्तचाचणी आहे, पण तिचा आकडा कायद्यानं आखलेल्या रेषेच्या खाली आहे.

निकाल: ६६(१)(ब) मधून संशयाचा फायदा देऊन मुक्त. १८५ मध्ये दोषी, कारण ३० ची रेषा ४४ नं ओलांडलेलीच होती आणि तिथं आमच्याकडं म्हणण्यासारखं काही नव्हतं. दहा हजार दंड, कैद नाही. दुसऱ्या न्यायासनापुढं पहिल्या मुद्द्याचा निकाल उलटाही लागू शकला असता. मागं मोजण्याचा युक्तिवाद तज्ज्ञाच्या तोंडून आला असता तर मला घाम फुटला असता.

घरच्यांना सुरुवातीपासून तुरुंगाची भीती होती. टोचलं ते भलतंच.

पहिलं लायसन्स. २०१९ च्या दुरुस्तीनं कलम २०६(४) आलं: १८५ चा संशय असला की पोलीस लायसन्स ताब्यात घेऊन आरटीओकडं पाठवणार. कलम १९(१अ) प्रमाणं आरटीओ म्हणणं ऐकून, कारणं लिहून, पहिल्या वेळेला तीन महिन्यांसाठी अपात्र ठरवू शकतो. दुसऱ्या वेळेला लायसन्सच रद्द. हे खटल्याच्या निकालाची वाट पाहत नाही. दर्जीपुऱ्याच्या आरटीओतली सुनावणी लोक ‘फॉर्मॅलिटी’ समजून चुकवतात. आम्ही गेलो, तरी तीन महिने गेलेच. २०१५ पासून सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीचा कल किमान तीन महिन्यांच्या निलंबनाकडंच आहे. तीस दिवसांत अपील करता येतं. अशिलांनी केलं नाही, मीही आग्रह धरला नाही.

गाडी दुसऱ्याच दिवशी सुटली. बायकोकडं लायसन्स होतं, कागद पुरे होते. अडली असती तर भारतीय नागरी सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली अर्ज आणि सोबत सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य, २००२. ठाण्याच्या आवारात गाड्या कुजत ठेवू नका, असं सांगणारा हा निवाडा आपल्याच राज्यातून गेलेला आहे.

मग विमा. दुभाजकाला घासून बंपर आणि हेडलाइट गेला होता, गॅरेजनं ३८ हजारांचा अंदाज दिला. बायकोनं विचारलं, “मी चालवत होते असं लिहू का क्लेममध्ये?” मी फॉर्म तिच्या हातातून काढून घेतला. ११.४० ला नवऱ्याला त्याच गाडीच्या स्टिअरिंगमागून उतरवल्याचा पंचनामा आहे. तिनं तसं लिहिलं असतं तर ती फसवणुकीची आरोपी झाली असती. खरं लिहिलं तर क्लेम नामंजूर होणार. इफको टोकियो विरुद्ध पर्ल बेव्हरेजेस, २०२१: सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की चाचणी झालेली नसली तरी चालक दारूच्या अमलाखाली होता हे विमा कंपनी इतर पुराव्यानं दाखवू शकते. इथं तर चाचणी हजर. खिशातून दुरुस्ती केली.

त्या रात्री दुभाजकाच्या जागी स्कूटरवाला असता तर हे पान वेगळंच लिहिलं गेलं असतं. मोटार वाहन कायद्याच्या, २०२२ च्या एप्रिलपासून लागू झालेल्या कलम १५० मध्ये दारू पिऊन गाडी चालवणं हा विमा कंपनीचा बचाव म्हणून स्पष्ट लिहिलेला आहे. तिसऱ्या पक्षाला दिलेली भरपाई कंपनी मालकाकडून वसूल करू पाहणार. मृत्यू झाला असता तर भारतीय न्याय संहितेचं १०६, पाच वर्षांपर्यंत, आणि परिस्थिती पाहून १०५ सुद्धा, म्हणजे सदोष मनुष्यवध.

शेवटचं पासपोर्टाचं, बडोद्यात ज्याला फार महत्त्व. मुलगी टोरोंटोत शिकते, नवरा-बायको उन्हाळ्यात जाणार होते. खटला प्रलंबित असताना पासपोर्ट कायदा, १९६७ च्या ६(२)(फ) खाली नूतनीकरण अडतं. २५ ऑगस्ट १९९३ च्या अधिसूचनेप्रमाणं कोर्टाची परवानगी आणली तर मिळतो. आदेशात मुदत लिहिलेली नसेल तर एकाच वर्षाचा. म्हणून अर्जात मुदत मागायला विसरू नये. कॅनडाचा प्रश्न त्याहून किचकट: तिथं १८ डिसेंबर २०१८ पासून नशेत गाडी चालवणं गंभीर गुन्हेगारीच्या वर्गात मोडतं आणि परदेशातली शिक्षा ते आपल्या कायद्याच्या मापानं मोजतात. त्यांची रक्तातली मर्यादा ८० मिलिग्रॅमची, आपल्या अशिलांचा अहवाल ४४ चा. हा मुद्दा मांडण्यासारखा आहे, पण तो तिथल्या इमिग्रेशन वकिलानं मांडायचा. मी निकालपत्राची आणि प्रयोगशाळेच्या अहवालाची प्रमाणित नक्कल काढून दिली आणि व्हिसाच्या फॉर्मवर ‘कधी दोषी ठरलात का’ यापुढं ‘नाही’ लिहू नका, एवढं बजावलं.

एक गोष्ट फाइल बंद करताना अशिलांना लेखी दिली. २०१९ आधी १८५ चा दुसरा गुन्हा पहिल्यापासून तीन वर्षांच्या आत घडला तरच ‘दुसरा’ धरत. ती मुदत दुरुस्तीनं काढून टाकली आहे. यापुढं केव्हाही, आणखी वीस वर्षांनीसुद्धा, आकडा ३० च्या वर गेला तर तो दुसराच गुन्हा: दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पंधरा हजार किंवा दोन्ही, आणि लायसन्स रद्द.